वाढते वय, वाढते वजन आणि मेंदूचे आरोग्य

(संस्थेच्या वार्षिक पालक मेळाव्यात केलेले भाषण)



पालक मेळाव्यात शिक्षक उभा राहिला की तो मुलांच्या अभ्यासाविषयी, गैरहजेरीविषयी आणि गुणांविषयी बोलणार, अशी आपली अपेक्षा असते. आज मी मुलांविषयी नव्हे, तर मुलांच्या आजी-आजोबांविषयी बोलणार आहे. त्यांचे वाढलेले वजन, त्यांच्या पुढ्यातले ताट आणि त्यांची स्मरणशक्ती या तीन गोष्टींचा परस्परसंबंध काय, हा आजचा विषय. मी डॉक्टर नाही. बी.ए., बी.एड. झालेला, इतिहास-भूगोल शिकविणारा एक साधा शिक्षक आहे. हा विषय मी हौसेने निवडलेला नाही. माझ्या हातून घरात एक चूक झाली आणि त्या चुकीने मला या विषयाचा अभ्यास करावयास लावले. म्हणून प्रथम ती चूकच आपल्यापुढे मांडतो.

आमच्या अम्माचे वय त्या वेळी चौसष्ट वर्षांचे होते. उंची १५२ सेंटिमीटर आणि वजन ८६ किलो. मधुमेह दहा-बारा वर्षांपासूनचा, रक्तदाबाची गोळी सुरू, गुडघे दुखत म्हणून नमाज खुर्चीवर बसून. आमच्या कोकणातल्या पुष्कळ घरांत असते तशीच आमच्याही घराची परिस्थिती. मोठा भाऊ आखाती देशात नोकरीला, त्याच्या पैशांतून घर बांधलेले, दारात नळ, स्वयंपाकघरात मिक्सर. जिने तरुणपणी विहिरीचे पाणी ओढले, पाट्यावर मसाला वाटला आणि पायलीभर भात कांडला, ती बाई आता दिवसभर पलंगावर बसून असे. काम गेले, पण ताट मात्र पूर्वीच्या कष्टाचेच राहिले.

विसरभोळेपणा प्रथम लक्षात आला तो भावाच्या. फोनवर बोलताना अम्मा एकच प्रश्न दोन-तीनदा विचारते, असे तो म्हणाला. मग आमच्याही ध्यानात येऊ लागले. भातात मीठ राहून जाई, दुधाचा हिशेब चुके. पूर्वी सगळ्या गावाची नाती तिला तोंडपाठ असत. आता नाव ओठावर येऊन अडे.

मी शिकलेला मुलगा! कुठेतरी वाचले होते की लठ्ठपणाचा मेंदूवर परिणाम होतो. कुणीतरी मोबाईलवर पाठविलेला आहाराचा एक तक्ताही हाती लागला. मी ठरविले की अम्माचे वजन उतरवायचे. सकाळी चहाबरोबर दोन बिस्किटे, दुपारी अर्धी भाकरी आणि काकडी, रात्री पातळ सूप. मासे बंद, अंडी बंद, डाळसुद्धा नावापुरती. सगळे जेवायला बसले की तिला मोह होऊ नये म्हणून तिचे ताट वेगळ्या खोलीत. एके दिवशी ती मला म्हणाली, “रोजे तर मी दरवर्षी ठेवते रे बाळा, पण हा तुझा रोजा सुटायचा कधी?” मी हसण्यावारी नेले.

चार महिन्यांत तिचे वजन अकरा किलोंनी उतरले. येणारे-जाणारे मला शाबासकी देऊ लागले. पाचव्या महिन्यात ती न्हाणीघरात उठताना पडली आणि मनगटाचे हाड मोडले. विसरभोळेपणा तर कमी झालाच नव्हता, उलट ती अबोल झाली होती. तालुक्याच्या डॉक्टरांनी तिला हात न टेकता खुर्चीवरून उठावयास सांगितले. तिला उठता आले नाही. डॉक्टर मला म्हणाले, “गुरुजी, तुम्ही चरबीबरोबर यांचे मांसही उतरविलेत. काटा खाली गेला, पण माणूसही खचला.”

बंधु-भगिनींनो, त्या वाक्याने माझे डोळे उघडले. त्यानंतर मी जे वाचले, डॉक्टरांना विचारले आणि समजून घेतले, ते आता थोडक्यात सांगतो.

माणसाच्या मेंदूचे वजन सुमारे सव्वा ते दीड किलो, म्हणजे शरीराच्या वजनाच्या दोन टक्क्यांच्या आसपास. परंतु शरीर जी ऊर्जा खर्च करते तिच्यापैकी जवळजवळ पाचवा हिस्सा एकटा मेंदू वापरतो. हा पुरवठा रक्तातून होतो आणि रक्त बारीक बारीक वाहिन्यांतून जाते. गावच्या नळयोजनेची टाकी भरलेली असली तरी नळ्या गंजल्या तर घरात पाणी येत नाही, तसेच हे आहे. पोटावर चरबी साठली की इन्शुलिनचे काम नीट होत नाही, साखर वाढते, रक्तदाब वाढतो, आणि वर्षानुवर्षे हे चालले की मेंदूतील सूक्ष्म वाहिन्या खराब होतात. शिवाय ही चरबी निष्क्रिय नसते. तिच्यातून रक्तात अशी द्रव्ये मिसळतात की ज्यांमुळे शरीरभर मंद दाह चालू राहतो. लठ्ठ माणसाचा झोपेत घोरताना श्वास अडखळतो, त्यामुळे मेंदूला रात्रीची विश्रांतीही पुरती मिळत नाही. लठ्ठपणा आणि स्मरणशक्ती यांचा संबंध आहे तो असा.

आता लठ्ठ कोणाला म्हणावे? विद्यार्थी मित्रांनो, हे गणित आज घरी करून पाहा. किलोतील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागा. येणाऱ्या आकड्याला डॉक्टर बीएमआय म्हणतात. भारतीयांसाठी तज्ज्ञांनी ठरविल्याप्रमाणे २३ च्या पुढे जादा वजन आणि २५ च्या पुढे लठ्ठपणा. युरोपीय लोकांसाठी हीच मर्यादा २५ आणि ३० अशी आहे. आपल्यासाठी ती खाली का? याचे उत्तर आपल्या पुण्यातूनच मिळाले. के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आपल्या दोघांचे एकत्र छायाचित्र प्रसिद्ध केले. दोघांचाही बीएमआय अगदी सारखा, २२.३. परंतु युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के! वरून सडपातळ दिसणाऱ्या भारतीयाच्या आत चरबी लपलेली असू शकते, हा त्याचा अर्थ. म्हणून कमरेचा घेरही मोजावा. पुरुषांमध्ये तो ९० सेंटिमीटरच्या आणि स्त्रियांमध्ये ८० सेंटिमीटरच्या आत असावा.

यावर कोणी म्हणेल, मग म्हाताऱ्या माणसांचे वजन झपाट्याने उतरविण्यात चुकले ते काय? येथेच खरी मेख आहे.

लंडनमधील दहा हजारांहून अधिक सरकारी नोकरांची एक पाहणी १९८५ साली सुरू झाली आणि पुढे काही दशके चालू राहिली. तिचा या विषयासंबंधीचा निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध झाला. पन्नासाव्या वर्षी जे लठ्ठ होते त्यांना पुढे स्मृतिभ्रंश होण्याचा धोका अधिक आढळला. साठाव्या किंवा सत्तराव्या वर्षीच्या लठ्ठपणाचा मात्र तसा संबंध दिसला नाही. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. ज्यांना पुढे स्मृतिभ्रंश झाला त्यांचे वजन निदानाच्या सुमारे आठ वर्षे आधीपासूनच इतरांपेक्षा कमी दिसू लागले होते.

यातून दोन धडे मिळतात. पहिला असा की, वजनाची काळजी घेण्याचा खरा काळ चाळिशी-पन्नाशीचा. म्हणजे आज या सभागृहात बसलेल्या आपल्या सर्वांचा! दुसरा असा की, घरातील वृद्ध माणसाचे वजन काही प्रयत्न न करता आपोआप उतरत असेल तर आनंद मानू नये. “बरे झाले, हलके झाले” असे न म्हणता त्यांना डॉक्टरांकडे न्यावे.

मग उतारवयात लठ्ठ असलेल्याने वजन उतरवूच नये काय? तसेही नाही. अमेरिकेत सेंट लुईस येथे पासष्ट वर्षांवरील १०७ लठ्ठ स्त्री-पुरुषांवर वर्षभर एक प्रयोग झाला. एका गटाला फक्त मोजका आहार, दुसऱ्याला फक्त व्यायाम, तिसऱ्याला आहार आणि व्यायाम दोन्ही, आणि चौथ्याला विशेष काहीच नाही. फक्त आहाराच्या गटाचे वजन १० टक्क्यांनी आणि दोन्ही करणाऱ्या गटाचे ९ टक्क्यांनी उतरले, म्हणजे जवळजवळ सारखेच. परंतु चालणे, उठणे-बसणे, जिना चढणे या कामांच्या परीक्षेत दोन्ही करणाऱ्यांची प्रगती २१ टक्के, तर फक्त आहारवाल्यांची १२ टक्के. स्नायू आणि हाडे यांची झीजही फक्त आहाराच्या गटात अधिक झाली. हे निष्कर्ष २०११ सालचे. याच मंडळींच्या बुद्धीच्या चाचण्यांचे निष्कर्ष २०१४ साली आले. तिन्ही गटांची चौथ्यापेक्षा प्रगती झाली होती, पण आहाराला व्यायामाची जोड देणारे नुसत्या आहारवाल्यांपेक्षा पुढे होते. ब्राझीलमध्ये विसरभोळेपणा सुरू झालेल्या ८० लठ्ठ वृद्धांना आहाराचा सल्ला देण्यात आला. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात, ज्यांचे वजन उतरले त्यांच्या स्मरणाच्या चाचण्याही सुधारलेल्या दिसल्या. म्हणजे मी अम्माला वजन उतरविण्याच्या वाटेवर नेले, ही चूक नव्हती. तिला उपाशी ठेवून, बसवून आणि एकटी पाडून नेले, ही चूक होती.

आता लोक विचारतात, मेंदूसाठी नेमका कोणता पदार्थ खावा? बदाम, अक्रोड की ऑलिव्हचे तेल? शिकागो येथील संशोधकांनी मेंदूसाठी म्हणून एक खास आहार तयार केला. पालेभाज्या, कडधान्ये, मासे, सुकामेवा भरपूर आणि लोणी, मिठाई, तळण कमी. त्याची तीन वर्षे परीक्षा झाली. स्मृतिभ्रंशाचा कौटुंबिक इतिहास असलेल्या आणि वजन जादा असलेल्या, पासष्ट वर्षांवरील ६०४ जणांना घेतले. अर्ध्यांना हा खास आहार, अर्ध्यांना त्यांचा नेहमीचाच आहार, फक्त दोघांनाही थोडे कमी खाण्याचे मार्गदर्शन. २०२३ साली निकाल लागला. दोन्ही गटांचे वजन सुमारे ५ किलोंनी उतरले आणि बुद्धीच्या चाचण्यांत दोघांमध्ये लक्षणीय फरक पडला नाही. चांगला आहार निरुपयोगी आहे असा याचा अर्थ नव्हे. एखाद्या पदार्थात जादू नाही, एवढाच अर्थ.

हल्ली वजन उतरविण्याच्या नव्या इंजेक्शनांचीही चर्चा फार. २०२५ सालापासून ती आपल्या देशातही वाढत्या प्रमाणात दिसू लागली. काही रुग्णांना त्यांचा मोठा उपयोग होतो, परंतु ती मेंदूचे औषध नव्हेत. त्याच वर्गातील सेमाग्लुटाइड हे औषध गोळीच्या रूपाने अल्झायमरच्या सुरुवातीच्या अवस्थेतील रुग्णांना देऊन पाहिले गेले. आजाराची चाल त्यामुळे मंदावली नाही, असे नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर झाले. आणि ही औषधे घेतानाही स्नायू झिजू शकतात, म्हणून डॉक्टरांच्या देखरेखीवाचून त्यांच्या वाटेला जाऊ नये.

मग उपयोग कशाचा होतो? फिनलंडमध्ये ६० ते ७७ वयाच्या, धोका असलेल्या १२६० जणांवर दोन वर्षे प्रयोग झाला. योग्य आहार, व्यायाम, बुद्धीला चालना देणारा सराव आणि रक्तदाब-साखरेवर नजर, या गोष्टी त्यांनी एकत्र केल्या. २०१५ सालच्या निष्कर्षात, नुसता सर्वसाधारण आरोग्य-सल्ला मिळालेल्यांपेक्षा या लोकांच्या एकूण बुद्धिचाचणीतील सुधारणा २५ टक्क्यांनी अधिक होती. एकट्या ताटाने भागत नाही. ताट, पाय, डोके आणि दवाखाना या चौघांनी मिळून काम केले तरच मेंदू सांभाळला जातो.

आमच्या डॉक्टरांनीही हेच केले. प्रथम तपासण्या. अम्मा अनेक वर्षे मधुमेहासाठी मेटफॉर्मिनची गोळी घेत होती. त्या गोळीने काही जणांत बी-१२ हे जीवनसत्त्व कमी होते, आणि ते कमी झाले की विसरभोळेपणा येऊ शकतो. अम्माचे बी-१२ खरोखरच कमी निघाले. थायरॉईडही तपासले. कानांची तपासणी केली, तेव्हा कळले की तिला कमी ऐकू येते. ती एकच प्रश्न पुन्हा विचारीत असे, त्यातला काही भाग न ऐकू आल्यामुळेही होता! श्रवणयंत्र आले. माझा तक्ता डॉक्टरांनी फाडून टाकला आणि नवे ताट सांगितले. ते आपणासही उपयोगी पडेल म्हणून सांगतो.

भाकरी एकच, पण ती जमेल तेव्हा नाचणीची. भात वाटीने मोजून. प्रत्येक जेवणात काहीतरी प्रथिनयुक्त हवेच: कधी बांगडा, कधी अंडे, कधी मुगाची उसळ, कधी कुळथाची पिठी, कधी दही. उतारवयात स्नायू टिकविण्यासाठी दर किलो वजनामागे रोज सुमारे एक ग्रॅम किंवा थोडी अधिक प्रथिने लागतात, असे तज्ज्ञ सांगतात. मात्र मूत्रपिंडाचा विकार असेल तर डॉक्टरांना विचारूनच. मासळी तळण्याऐवजी कोकम घालून कालवणात. अर्धे ताट भाजीचे. चहात साखर नाही आणि खारी-बिस्किटे घरातच आणायची नाहीत, म्हणजे वाद उद्भवत नाही. मीठ कमी. दावतीची बिर्याणी बंद नाही, पण एकदाच वाढून घ्यायची. ईदचा शीरखुर्मा वाटीभर नव्हे, चाखण्यापुरता. वजन उतरावे, पण आठवड्याला अर्ध्या किलोपेक्षा जास्त नाही.

रमजानविषयी दोन शब्द. जे वृद्ध इन्शुलिन किंवा साखर एकदम खाली आणणाऱ्या गोळ्या घेतात, त्यांनी रमजानपूर्वी महिना-दीड महिना आधी डॉक्टरांना भेटून औषधांच्या वेळा आणि रोजे झेपतील की नाही हे ठरवून घ्यावे. आणि दिवसभर रोजा ठेवून इफ्तारला भजी, समोसे आणि सरबत यांचा मारा केला, तर महिनाअखेरीस वजन वाढलेलेच दिसते, हे आपण सर्वांनी अनुभवले आहे. आपल्याला लहानपणापासून मिळालेली शिकवण संयमाची आहे, अतिरेकाची नाही.

ताटानंतर पाय. अम्माला रोज खुर्चीवरून हात न टेकता उठण्या-बसण्याचा सराव सांगितला. प्रथम दोनदा, मग पाच, मग दहा. संध्याकाळी अंगणात चालणे, मग रस्त्याच्या वळणापर्यंत. सोबतीला माझी मुलगी. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे तिचे ताट पुन्हा आमच्या दस्तरखानावर आले. एकटेपणा हाही मेंदूचा शत्रू आहे. ज्यांची मुले परदेशी आहेत आणि मोठ्या घरात आई-वडील दोघेच किंवा एकटेच राहतात, त्यांनी पैशांबरोबर माणसांची सोबतही पाठविण्याची व्यवस्था करावी.

आज वर्ष उलटून गेले. अम्माचे वजन मधल्या काळात थोडे वाढले, मग सावकाश उतरले. सध्या ७४ किलो. मनगट बरे झाले. ती खुर्चीवरून आपली आपण उठते, दुधाचा हिशेब पुन्हा तिच्याकडे आहे. सगळा विसरभोळेपणा गेला असे मी म्हणणार नाही. नावे अजून अडतात. पुढे काय होईल ते अल्लाह जाणे. परंतु मी तिला जेथे नेऊन ठेवले होते तेथून ती परत आली, हे माझ्यावर उपकारच आहेत.

शेवटी, ज्या संस्थेच्या व्यासपीठावरून मी बोलत आहे तिच्याशी या विषयाचा काय संबंध, ते सांगून थांबतो. भारतात साठ वर्षांवरील सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज २०२३ साली प्रसिद्ध झाला. ‘लॅन्सेट’च्या तज्ज्ञ आयोगाने २०२४ साली चौदा कारणे सांगितली, जी टाळता आली तर जगातील सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश टाळता किंवा लांबविता येईल. त्यांत लठ्ठपणा आहे, मधुमेह, रक्तदाब, कोलेस्टेरॉल आहे, तंबाखू-धूम्रपान आहे, व्यायामाचा अभाव, बहिरेपणा, अधू दृष्टी आणि एकटेपणा आहे. आणि बंधु-भगिनींनो, त्यांत एक कारण आहे, लहानपणी शिक्षण कमी मिळणे! शिकलेल्या मेंदूपाशी जणू शिल्लक असते. उतारवयात झीज झाली तरी तो त्या शिलकीवर अधिक काळ तग धरतो.

माझ्या अम्माला चौथीनंतर शाळेतून काढले. ती हुशार होती, पण मुलीची जात म्हणून काढले. ती शिल्लक तिला कोणी साठवू दिली नाही. तेव्हा या संस्थेने मुलींसाठी जो प्रत्येक वर्ग उघडला, तो केवळ नोकरीसाठी नव्हे, तर साठ वर्षांनंतरच्या एका आजीच्या स्मरणशक्तीसाठीही उघडला, असे मी मानतो. पालकांनो, मुलगी दहावीला आली की शाळा बंद करण्याचा विचार मनात आला, तर हे आठवा.

विद्यार्थी मित्रांनो, तुम्हाला आज एकच गृहपाठ देतो. घरी गेल्यावर आजी किंवा आजोबांना घेऊन थोडे चालून या, आणि चालताना त्यांना जुन्या गोष्टी विचारा. उत्तर यायला वेळ लागला तर थांबा. घाई करू नका. आपल्याला पहिला शब्द शिकविताना त्यांनीही घाई केली नव्हती.